वर कुणी असलं की बोलणारे सर

आमचे सर मुके आहेत, अशी पहिल्या आठवड्यात माझी खात्रीच झाली होती. वर्गात यायचे, फळ्यावर आकृती काढायचे, खडूने तिच्यावर टकटक करायचे आणि आमच्याकडे बघत उभे राहायचे. प्रश्न विचारला तर त्याच जागी पुन्हा टकटक. तरीही नाही कळलं तर जरा जोरात टकटक. हजेरीसुद्धा नजरेनेच घेत. आयटीआयच्या वायरमन ट्रेडला मी एकटी मुलगी, त्यात असे गुरुजी. घरी गेल्यावर आईला म्हटलं, "मी वायरिंग शिकायला जाते का मौनव्रत धरायला, कायच कळत नाय." आई म्हणाली, "बरं हाय की. तुझ्या तोंडाला तेवढाच आराम."

मग कार्यशाळेत पहिल्यांदा शिडी लागली. आमच्यातला लोधिवलीचा संदेश, अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून दांडगा, तुळईवरून वायर ओढायला वर चढला. सर भिंतीवरच्या मेन स्विचपाशी गेले. खटका खाली ओढला, चिनीमातीचे फ्यूज एकेक करून उपसले आणि पँटच्या खिशात टाकले. संदेशला टेस्टरने वायर तपासायला लावली. मग त्या पेटीला पाठ लावून उभे राहिले आणि बोलायला लागले. बोलायला लागले म्हणजे नळ फुटावा तसे बोलायला लागले.

"तर काल आमच्या घरचीनं वालाचं बिरडं केलतं. वाल भिजवलं बरोबर, मोड आनलं बरोबर, पर सोलाया बसली आन् शेजारची आली. झालं. दोघींच्या गप्पांत निम्मं वाल सालीसकट पातेल्यात. मी म्हनलो नाय काय. खाल्लं. सालीसकट खाल्लं. मंग पोटात जे काय सुरू झालं..."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. वर संदेश इतका हसायला लागला की शिडी हलायला लागली. सरांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ते बिरड्यावरून पोटावर गेले, पोटावरून ओव्यावर, ओव्यावरून कशेळ्याच्या बाजारात ओवा विकणाऱ्या म्हातारीवर. संदेश खाली उतरला, त्याचे पाय जमिनीला लागले आणि सरांचं तोंड वाक्याच्या मध्यातच मिटलं. त्या म्हातारीचं पुढे काय झालं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर जमिनीवर उभं राहून त्यांनी आम्हाला जे सांगितलं, तेवढं लांब भाषण त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. "वरच्या मानसाला खालचं दिसत नाय. ऐकू येतं. माझा आवाज येतोय तवर मी पेटीपाशी हाय. मी पेटीपाशी हाय तवर कुनी खटक्याला हात लावत नाय. आवाज थांबला की वायरीवरचा हात काढायचा. मी शिंकलो का मेलो, ते मागून बघायचं. आदी हात काढायचा."

"आन् सर, मधीच तुमाला लघवीला लागली तर?" संदेशने विचारलं. सरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. उत्तर आम्हाला पुढे आपोआप कळलं. लागली तर लागली. वरचा माणूस उतरेपर्यंत सर पेटी सोडत नसत.

त्यांचे बाकीचे कायदेही असेच होते. डावा हात खिशात ठेवायचा, हा एक. दोन्ही हातांनी दोन ठिकाणी धरलं की करंट छातीतून जातो, म्हणून जमेल तिथे एकाच हाताने काम. पोरांच्या पँटींना खिसे होते. माझ्या खाकी कुडत्याला नव्हता, कारण मुलींच्या कपड्यांना खिसा लागतो हे शिंप्यांना कोणी सांगितलेलंच नाही. सर काही दिवस माझ्या मोकळ्या डाव्या हाताकडे बघत राहिले. मग एका मधल्या सुट्टीत मला शिंप्याच्या दुकानात घेऊन गेले आणि माझ्या कुडत्याच्या डाव्या बाजूकडे बोट केलं. शिंपी म्हणाला, "काय, उसवलंय का?" तेव्हा त्यांना तोंड उघडावंच लागलं. "खिसा दे तिला. बिनखिशाचा वायरमन व्हत नाय." तोपर्यंत त्या संस्थेत मला कोणी 'मॅडम' म्हणायचं, कोणी 'ए पोरी' म्हणायचं. वायरमन कोणी म्हटलं नव्हतं. मी दुकानाबाहेर येऊन उगाच चपलेचा पट्टा नीट करत बसले, कारण डोळे भरून आले होते आणि ते मागे मागे आलेल्या संदेशला दिसले असते तर मी मेलेच असते.

दुसरा कायदा पंजाच्या पाठीचा. शॉक बसला की मूठ आवळते. तळहात लावलेला असेल तर माणूस वस्तूला चिकटतो, पंजाची पाठ लावलेली असेल तर हात बाजूला फेकला जातो. हे सगळ्याच वायरमनांना माहीत असतं. सरांचं काय झालं होतं, की ती सवय वायरीपुरती राहिलीच नव्हती. दाराची कडी, फ्रीज, पाण्याचा हंडा, एसटीचा दांडा, सगळ्याला आधी पंजाची पाठ आणि मगच तळवा. देवळातल्या घंटेलासुद्धा आधी मागून हात लावून बघत आणि मग वाजवत. त्यांच्या धाकट्या मेहुण्याला एकदा त्यांनी नव्या स्टीलच्या कपाटासह असं तपासलं होतं, असं ऐकून होते.

कुठून ऐकलं? शिडीवरून. सरांची सगळी हकीकत आम्हाला शिडीवरून कळली. जो वर असेल त्याच्या वाट्याला एक तुकडा यायचा. संदेशच्या वाट्याला त्यांची भाऊबंदकी आणि बांधावरचं आंब्याचं झाड आलं. माझ्या वाट्याला त्यांची म्हैस आली आणि शेअर जीपच्या टपावर बसून मुरबाडच्या रस्त्याने गेलेलं त्यांच्याच लग्नाचं वऱ्हाड आलं. चहाच्या टपरीवर आम्ही आपापले तुकडे जोडायचो. "म्हशीचा खरवस कुणाकडे हाय रं?" "माझ्याकडं हाय, पर अर्धाच. मी उतरलो." अशी आमची सरांवरची चर्चासत्रं व्हायची, आणि स्वतः सर शेजारच्या बाकड्यावर बशीत चहा ओतून गप्प बसलेले असायचे.

एकदा त्यांच्या घरी गेलो होतो, कशेळ्याच्या वरच्या अंगाला. काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. जेवताना सर एक अक्षर बोलले नाहीत. मी मागे भांडी उचलायला गेले तेव्हा काकूंना विचारलं, "काकू, घरी पन असंच असतं का?" काकू हसल्या. म्हणाल्या, "असंच गं. लगीन झालं तवा वाटलं, कुठल्या खांबाला माळ घातली. मंग एक दिवस बल्ब बदलाया स्टुलावर चढले, आन् हा मानूस काय बोलाया लागला म्हनतीस! माझ्या आईची चौकशी केलीन्, माझं डोकं दुखतं त्याचं इचारलंन्. आता लय दिवस गप्प ऱ्हायला की मी आपली चढते स्टुलावर. बल्ब चांगला असला तरी." मला तेव्हा हसून हसून ठसका लागला होता.

असा वेडा माणूस दिसला की लोकांना त्यामागची गोष्ट हवी असते. आम्हालाही हवी होती. सरांचा कोणी दोस्त शिडीवर मेला असणार, खाली उभे असलेले सर पाणी प्यायला गेले असणार, आणि म्हणून हा सगळा जन्मभराचा पहारा, अशी कथा आम्ही मनाने रचून टाकली होती. संदेशने तर दोस्ताचं नावही ठेवलं होतं. एकदा हिंमत करून त्याने विचारलंच, "सर, तुमच्या कामावर कोन गेलंवतं?"

"कोन नाय," सर म्हणाले.

"मंग तुमी हे..."

"कुनी मरायलाच पायजे का रं? त्याच्या आदी उभं ऱ्हायला काय व्हतंय?"

संदेशचा चेहरा पडला. इतकी छान कथा हातची गेली होती.

वरच्या लोकांना सरांचं हे प्रकरण पसंत नव्हतं. आमचे प्राचार्य कर्जतमधल्या जुन्या घरातले, स्वच्छ बोलणारे, स्वच्छ इस्त्रीचे. तपासणीला साहेब आले त्या दिवशी मी वर होते आणि खाली म्हैस अडलेली होती. साहेबांनी सगळं बाळंतपण उभं राहून ऐकलं. ते गेल्यावर प्राचार्य म्हणाले, "अहो, बोलायचंच आहे ना, मग निदान अभ्यासक्रमातलं तरी बोला." सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी संदेश वर चढला तेव्हा ते ओहमचा नियम म्हणायला लागले. पण तो संपतो लवकर. मग म्हशीवरच आले.

गमतीचा भाग एवढाच. बाकी त्या शिडीवर गंमत नसायची. सर मुद्दाम थांबायचे. बोलता बोलता, काहीही कारण नसताना, टप्पकन गप्प. आणि वर नजर लावून बघायचे, की याचा हात निघतो का. ज्याचा निघाला नाही त्याला आठवडाभर शिडीला हात लावू देत नसत. त्यामुळे वर असताना हात काम करायचे आणि कान खाली लागलेले असायचे. घाम यायचा तो उन्हाने यायचा नाही. एकदा मी वर होते आणि त्यांचा आवाज थांबला. मी हात काढला. खाली बघते तर सर वाकून खोकतायत, घशात चिलट गेलेलं. पोरं खो खो हसली. "चिलटानं लाईट घालवली!" हे पुढे कितीतरी दिवस मला ऐकावं लागलं. मला संताप आला होता, त्या पोरांचा आणि खरं सांगायचं तर सरांचाही. एका मुलीला त्या ट्रेडमध्ये आधीच सगळं दुप्पट सिद्ध करावं लागत होतं, त्यात हे चिलट. सर डोळे पुसत म्हणाले, "बरोबर केलंस. चढ परत."

आता सर निवृत्त झालेत. फोन केला की पलीकडून श्वास ऐकू येतो, त्यावरून समजायचं की बरं चाललंय. मी खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात देखभालीचं काम बघते. आमच्याकडे आता बंद केलेल्या खटक्यावर लाल कुलूप असतं, 'चालू करू नका' अशी पाटी असते. कुलूप मी लावते, पाटी मी लावते आणि त्याच्यापुढे उभी राहून बोलतेही. हाताखालची पोरं मला पाठीमागे रेडिओ म्हणतात. म्हणू देत. कळंबजवळच्या त्या दिवसानंतर मला या बाबतीत कोणाशी वाद घालायची इच्छा उरलेली नाही.

कळंबच्या पुढे एका गावात पंचायतीने सभागृह बांधलं होतं आणि त्याचं वायरिंग आमच्या बॅचकडे आलं होतं. संस्थेत लाकडी फळ्यांवर वायरिंग करून आमचे हात बसले होते, आता खऱ्या भिंतीवर न्यायचे होते. आतलं काम झालं होतं. राहिला होता तो पुढच्या त्रिकोणी भिंतीवरचा, पत्र्याखालचा एक जोड, अंगणातल्या दिव्यांसाठी. मेनची पेटी इमारतीच्या मागच्या भिंतीवर. मी पुढे शिडीवर, सर मागे पेटीशी, मध्ये अख्खं सभागृह. मला ते दिसत नव्हते, त्यांना मी दिसत नव्हते.

त्याच संध्याकाळी त्या अंगणात गावातल्या एका मुलीची हळद होती. आमचं काम सकाळीच आटपायला हवं होतं, पण सरांनी आदल्या दिवशीचे जोड सोडून परत बांधायला लावले आणि उन्हं उतरायला लागली. बोअरचा पंप त्याच मेनवर. पंप बंद म्हणून टाकी रिकामी, टाकी रिकामी म्हणून आचारी हातावर हात ठेवून बसलेले, आणि पाहुण्यांच्या गाड्या यायला लागलेल्या. त्या लोकांचंही काही चुकत नव्हतं, हे मी आज म्हणते. त्या दिवशी शिडीवर मला ते सगळे वैरी वाटत होते.

शिडी दोरीने वर पक्की बांधलेली होती. संदेश पत्र्यावर बसून मला वायर पुढे देत होता. एक पट्टी कमी पडली म्हणून तो मागच्या बाजूने उतरला आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या टेंपोकडे गेला. खाकी कपड्यांतला माणूस हात झटकत पत्र्यावरून उतरला, हे मागे जमलेल्या सगळ्यांनी बघितलं. त्यांच्या दृष्टीने काम संपलं. त्यातून सगळं पुढचं झालं.

मी जोड वळत होते. सलग जाणारी वायर न तोडता मध्येच सोलून उघडी करायची आणि तिच्यावर दुसरी वायर घट्ट वळसे देत गुंडाळायची. याला दोन्ही हात लागतात. डावा हात खिशातून काढावाच लागतो. उघडं तांबं दोन्ही हातांत, आणि माझ्या कोपराशेजारी पत्र्याखाली त्याच वायरीवरचा एक बल्ब, विझलेला. मागून सरांचा आवाज सभागृहावरून येत होता. त्या दिवशी शेवळांची, पावसाळी रानभाजीची, कृती चालली होती.

"...शेवळं नुसती शिजवून भागत नाय. घसा धरतो. त्यात काकडं घालायला पायजेत, रानातली आंबट फळं ती, त्यांचा रस..."

"मास्तर, झालं ना आता?" हा दुसरा आवाज. जाड, दमलेला. तो नवरीचा मामा होता हे मला नंतर कळलं. "टाका ते फ्यूज."

"वर पोरगी हाय, मामा. थांबा वाईच. तर काकडं ठेचून त्यांचा रस काढायचा, आन् त्यात शेवळं..."

"आवो उतरला की तुमचा मानूस, आमच्या डोळ्यांदेखत!"

"अजून एक हाय. त्यात शेवळं बारीक चिरून..."

"कोन नाय वर! खेळ लावलाय का? शंभर मानूस उपाशी बसवू का तुमच्या शेवळांपायी?"

मी ओरडून सांगितलं, "आहे मी वर!" पण त्याच वेळी अंगणात ताशेवाल्याने कातडं तापवून ताशावर काठी टाकून बघितली आणि माझा आवाज माझ्याच कानाला ऐकू आला नाही. मागे अजून माणसं जमल्याचं कळत होतं. कोणी हसलं. कोणी शिवी दिली. भांडी आपटली. सरांचा आवाज त्यातूनही येत होता, त्याच चालीत, फक्त मध्ये मध्ये धाप लागलेली. "...वालाचं दानं टाकायचं... वरनं... सुकट आसंल तर..." लोखंडी पेटीवर काहीतरी धाडकन आदळलं. "...सुकट... नायतर... खोबरं..."

मी वळसे भराभर द्यायला लागले. थोडेच राहिले होते. एवढे झाले की उतरते, म्हणजे भांडण मिटेल, असं मनात चाललं होतं. ताशा पुन्हा वाजला. गलका वाढला. "वढा त्याला!" कोणीतरी ओरडलं. बायकांचे आवाज, पोरांचे आवाज, गाडीचा हॉर्न, सगळं होतं.

सरांचा आवाज नव्हता.

मला वाटलं चिलट असेल. मला वाटलं परीक्षा बघत असतील. मला वाटलं गलक्यात ऐकू येत नसेल, जरा कान दिला तर येईल. दोन वळसे राहिले होते, फक्त दोन, आणि खाली पोरं हसणार होती. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं, आणि त्याच्या आधीच हात निघाले होते. मी काही शहाणपणाने काढले नाहीत. भीतीने काढले. दोन वर्षं त्या माणसाने ती भीती माझ्या हातांत घालून ठेवली होती.

मी शिडीचा बांबू धरला आणि कोपराशेजारचा बल्ब पेटला.

मागे पंपाची घरघर सुरू झाली आणि माणसांनी आनंदाने आरोळी ठोकली. मी त्या वायरीकडे बघत राहिले. तांब्यात काहीच फरक पडला नव्हता. मघाशी दिसत होतं तसंच, माझे हात होते त्याच जागी, स्वच्छ चकचकीत. कशी उतरले ते मला आठवत नाही.

सभागृहाला वळसा घालून मागे धावले. दोघांनी सरांचे दंड धरून त्यांना भिंतीशी दाबलं होतं. खालचा ओठ पेटीच्या दारावर आपटून फाटला होता, सदऱ्यावर रक्त. फ्यूज त्यांच्या खिशातच होते. मामाने फ्यूजच्या रिकाम्या खाचांत जाड वायरीचे तुकडे ठोसून खटका वर केला होता. गावाकडे असं सर्रास करतात. सरांनी मला बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि त्यांचे पाय गेले. धरलं होतं म्हणून पडले नाहीत.

मग बाकीच्यांनी मला बघितलं. खाकी कुडता, हातात पक्कड. आवाज एकेक करत विझले. मामा मोठा माणूस, फेटा बांधलेला. तो म्हणाला, "ही... ही वर व्हती?"

त्याने स्वतःच खटका खाली ओढला. पंप थांबला.

माझा सगळा राग सरांवरच निघाला. मी अक्षरशः किंचाळले, "ओरडला का नाहीत? 'उतर' म्हणून ओरडायचं ना! गप्प का बसलात?"

सरांनी बाहीने तोंड पुसलं. फाटक्या ओठातून शब्द नीट फुटत नव्हते. "वरडनारे लय व्हते गं. त्यात माझं वरडनं तुला कुठलं येगळं कळतंय? गप झालो, त्ये कळलं."

मी तिथेच मातीत बसले आणि रडले. कोणीतरी बाईने पाणी आणलं. संदेश टेंपोकडून पळत आला, सगळं बघून पांढरा पडला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही. सरांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "किती ऱ्हायलं?"

"दोन वळसे."

त्यांनी खाचांतले वायरीचे तुकडे उपसून फेकून दिले. टेस्ट दिव्याने पेटी तपासली. पेटीला पाठ लावून उभे राहिले आणि बोलण्यासाठी तोंड उघडलं. रक्ताची गुळणी आली. पुन्हा प्रयत्न केला. ओठ सुजून इतका झाला होता की घोगऱ्या हवेपलीकडे काही निघेना. सभागृहाच्या कोपऱ्यापर्यंतही तो आवाज पोचला नसता.

"संदेश चढंल," ते कसेबसे म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "का तू चढतीस?" चढ म्हणून सांगणारा तो माणूस, त्याने मला कधी विचारलं नव्हतं.

मला चढायचं नव्हतं. पण माझा जोड अर्धा राहिला होता आणि तो संदेशने पुरा केला असता तर मी पुन्हा कधी शिडी चढले नसते, हे मला स्वच्छ कळत होतं. "चढते," मी म्हटलं. "पण तुमचा आवाज येणार नाही."

सरांनी आजूबाजूला बघितलं. मग मामाचा दंड धरला आणि त्याला आपल्या शेजारी पेटीसमोर उभं केलं. "बोल," म्हणाले. "ती उतरंपत्तुर थांबायचं नाय."

"मी? काय बोलू?"

"कायपन."

मी पुढे गेले. चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होते. मागून काहीच येईना. मी शिडीच्या टोकाशी पोचले, डावा हात खिशात घालून उभी राहिले आणि वाट बघत राहिले. मग तो जाड आवाज आला, अडखळत, लग्नपत्रिका वाचल्यासारखा. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, काकांची नावं, आत्यांची नावं. भाची लहानपणी कशी त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला यायची ते. मग आवाज फुटला, तो रडत होता, आणि त्याला पुढचे शब्द सापडेनात. ताशेवाला गप्प होता. अख्खं गाव गप्प होतं. मला वाटलं आता हा थांबणार.

"हाय गं पोरी," मामा मागून म्हणाला. "हाय मी. हितंच हाय. हाय गं. हाय."

मी टेस्टर लावून बघितला. पुन्हा लावून बघितला. "हाय गं पोरी, हाय मी," आवाज येत होता. मी दोन्ही हातांनी तांबं धरलं.